धोबी आला, तारीख लिहा

ऑगस्ट संपत आला की पक्षीनिरीक्षकांचे व्हॉट्सॲप ग्रुप जागे होतात. कुणाच्या गावतळ्यावर तुतवार उतरलेला असतो, कुणाला ओढ्याकाठी पिवळ्या पोटाचा धोबी दिसतो. फोटो येतात, अंगठे उमटतात, चर्चा रंगते. पण महिन्याभराने कुणी विचारले, की तो धोबी नेमका कुठे, कोणत्या तारखेला दिसला, एकटा होता की चार होते, तर उत्तर मिळत नाही. फोटो फोनमध्ये असतो, पण नोंद कुठेच नसते.

दुर्मीळ पक्ष्याच्या देखण्या फोटोपेक्षा नेहमीच्या पक्ष्याची नेमकी नोंद जास्त कामाची असते, हे एकदा मनाशी पक्के केले की पाहण्याची आणि सांगण्याची पद्धत आपोआप बदलते. ती कशी बदलावी, आणि सांगताना पक्ष्याला त्रास होणार नाही याची काळजी कशी घ्यावी, ते या लेखात पाहू.

कोण केव्हा येते

महाराष्ट्रात हिवाळी पाहुणे हिवाळ्यात येतात असा समज आहे. खरे तर पहिले पाहुणे भर पावसात पोहोचतात. हिरवा तुतवार आणि सामान्य तुतवार जुलैअखेर आणि ऑगस्टमध्येच डबक्यांच्या काठी दिसू लागतात. भोरड्यांचे, म्हणजे पळसमैनांचे, पहिले थवेही याच सुमारास येतात. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये सह्याद्रीतल्या ओढ्यांवर करडा धोबी हजर होतो आणि तारांवर माळभिंगऱ्या ओळीने बसू लागतात. गार्गनी हे लवकर येणारे बदक. थापट्या, तलवार बदक आणि चक्रवाक यांची गर्दी मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. थिरथिरा, खरुची आणि राखी कोतवाल ऑक्टोबरात येतात. भोवत्ये माळरानांवर घिरट्या घालू लागतात तेही याच दिवसांत. पट्टकादंब आणि करकोचे थंडी पडल्यावर येतात.

काही पक्षी राहायला येत नाहीत, फक्त वाटेने जातात. सप्टेंबरमध्ये कच्छवरून आफ्रिकेकडे निघालेले युरोपियन नीलपंख आणि लाल पाठीचे खाटीक हे याचे प्रसिद्ध उदाहरण. आपल्याकडे नोव्हेंबरात अमूर ससाणे लोणावळ्याच्या परिसरात दिसतात. सैबेरिया व ईशान्य चीनमधून निघून नागालँड-मणिपुरात थांबलेले हे छोटे ससाणे पुढे अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत जातात. अशा पक्ष्यांच्या बाबतीत त्याच दिवशी कळवण्याला खरा अर्थ असतो. सकाळी लोणावळ्याहून निरोप आला, तर दुपारी पुणे आणि रायगडचे निरीक्षकही आभाळाकडे डोळे लावून बसू शकतात.

आणि जाणाऱ्यांना विसरू नका. पावसाआधी आफ्रिकेकडून आलेला चातक आणि कोकणात वीण उरकलेला नवरंग याच काळात परततात. आलेल्याची बातमी सगळे देतात, गेलेल्याची कुणी देत नाही. शेवटचा दिसलेला चातक शेवटचा होता हे पाहताना कळत नाही. म्हणून प्रत्येक फेरीत तो दिसला की लिहायचे. मागाहून वही उलटली की शेवटची तारीख सापडते.

एक पाणवठा धरा

'यंदा धोबी उशिरा आला' असे म्हणण्याआधी स्वतःला विचारा, की त्याआधी तुम्ही तिथे कधी गेला होता? दहा सप्टेंबरला पहिला धोबी दिसला आणि त्याआधीची फेरी पंधरा ऑगस्टची असेल, तर तो मधल्या सव्वीस दिवसांत कधीही आलेला असू शकतो. आठ सप्टेंबरला गेला होता आणि तेव्हा तो नव्हता, तर मात्र तुमची तारीख पक्की. म्हणजे पक्षी न दिसलेल्या फेरीमुळेच दिसलेल्या फेरीला किंमत येते.

भारतात याच विचाराने २००७ मध्ये 'मायग्रंटवॉच' हा उपक्रम सुरू झाला. सुरुवातीला अवघ्या नऊ हिवाळी पाहुण्यांची पहिली आणि शेवटची तारीख लोकांनी कळवायची, एवढेच त्याचे स्वरूप होते. त्या नऊ जातींत दुर्मीळ पक्षी शोधण्याचा हट्ट नव्हता. सहज ओळखू येणारे आणि गावोगाव दिसणारे पक्षी निवडले होते, कारण नोंदी गावोगावाहून हव्या होत्या.

म्हणून घरापासून चालत किंवा सायकलवर जाता येईल अशी एक जागा धरा. भिगवण किंवा नांदूर मधमेश्वर वर्षातून एकदा जरूर करा, पण नेमाची जागा जवळचीच हवी. गावतळे, पाझर तलाव, नदीचा डोह, शहरातली टेकडी, शेताचा बांध, काहीही चालेल. ऑगस्ट ते नोव्हेंबर आठवड्यातून एकदा, शक्यतो त्याच वेळी जा आणि तोच रस्ता धरा. एवढा नेम सांभाळला तर दोन-तीन वर्षांत तुमच्या तळ्याचे स्वतःचे वेळापत्रक तयार होते, आणि ते दुसऱ्या कुणाकडे नसते.

पाण्याची पातळीही लिहा. सप्टेंबर-ऑक्टोबरात धरणे तुडुंब असतात, तेव्हा चिखलाचे काठ पाण्याखाली असतात आणि चिखल्या-तुतवारांना चरायला जागा नसते. उजनीच्या पाणलोटात पाणी ओसरू लागले की काठ उघडे पडतात आणि पक्षी जमतात. परतीचा पाऊस लांबला तर जागोजागी पाणी साचते आणि बदके विखुरतात. 'यंदा बदके कमी' या निष्कर्षामागे अनेकदा 'यंदा पाणी सगळीकडे' एवढेच कारण असते. मुंबई, ठाणे आणि कोकण किनाऱ्यावर पातळीऐवजी भरती-ओहोटीची वेळ टिपा. भरतीला चिखल बुडाला की किनारपक्षी एका जागी दाटीने बसतात आणि मोजायला सोपे जातात. ओहोटीला ते मैलभर पसरतात.

नोंदीत काय हवे

चांगली नोंद लांबलचक नसते. तिच्यात पुढच्या सहा गोष्टी हव्यात.

१. तारीख आणि वेळ. 'गणपतीत दिसला' हे घरात बोलायला ठीक आहे. पण गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. स्थलांतराच्या हिशेबात तीन आठवडे म्हणजे मोठा फरक. तारीख इंग्रजी महिन्याचीच लिहा.

२. जागा. गाव, तालुका, जिल्हा. 'नाशिकजवळ' लिहून भागत नाही.

३. जात. धोबी अनेक आहेत, तुतवारही अनेक. एकाच पक्ष्याला विदर्भात एक नाव आणि कोकणात दुसरे असते, म्हणून मराठी नावासोबत पुस्तकातले प्रमाण नावही टिपा. मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' मराठी नावांसाठी हाताशी ठेवण्याजोगा आहे.

४. संख्या. 'खूप', 'भरपूर', 'थवाच्या थवा' यांतून काही कळत नाही. मोठा थवा असेल तर दहा पक्षी मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांनी मापा आणि तेवढे तुकडे थव्यात किती बसतात ते पाहा. हजाराच्या थव्यात शे-दोनशेची चूक झाली तरी तो आकडा 'खूप'पेक्षा उपयोगी असतो.

५. किती वेळ पाहिले आणि किती चाललात. दहा मिनिटांत दिसलेली पाच बदके आणि तीन तासांत दिसलेली पाच बदके यांचा अर्थ एक नाही.

६. पक्षी काय करत होता. चरत होता, झोपला होता, की दक्षिणेकडे उडत गेला? वाटेने जाणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत दिशा फार महत्त्वाची.

संख्येवर एवढा भर कशासाठी, असे वाटेल. एखादी पाणथळ जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरवण्यासाठी रामसर कराराचे जे निकष आहेत, त्यांतला एक असा: तिथे नियमितपणे २०,००० किंवा अधिक पाणपक्षी असावेत. दुसरा असा: एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी किमान १ टक्का पक्षी तिथे नियमित असावेत. निफाड तालुक्यातले नांदूर मधमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ झाले, त्याच वर्षी लोणार आले, २०२२ मध्ये ठाण्याची खाडी आणि गोव्यातले कुडचड्याचे नंदा तळे आले. उद्या तुमच्या तळ्यावर भराव पडायची वेळ आली, तर कार्यालयात फोटोंचा अल्बम फारसा ऐकला जात नाही. पाच वर्षांचे तारीखवार आकडे मात्र मांडता येतात.

ओळखीची घाई नको

हंगामाच्या सुरुवातीला सर्वाधिक चुका ओळखीच्या पक्ष्यांतच होतात. काही जोड्या लक्षात ठेवा.

पांढरा धोबी हा पाहुणा आहे. पण पांढऱ्या भुवईचा, काळ्या डोक्याचा, अंगाने मोठा धोबी आपल्याकडे बारमाही राहतो. जूनमध्ये 'धोबी आला' अशी बातमी आली तर ती बहुधा याची असते. करडा आणि पिवळा धोबी दोन्ही पोटाशी पिवळे. करड्याची पाठ राखी, शेपूट लांब, आणि त्याला वाहते पाणी आवडते. पिवळ्याची पाठ हिरवट, शेपूट आखूड, आणि तो ओल्या शेतात, गुरांच्या पायांशी दिसतो.

माळभिंगरीचा गळा तांबूस आणि त्याखाली गडद पट्टा असतो. आपल्याकडे राहणाऱ्या तारशेपटी भिंगरीचा गळा पांढरा आणि टोपी तांबडी असते. शेपटीच्या तारांवरून ओळखू नका. माळभिंगरीच्या पिल्लांच्या तारा अजून वाढलेल्या नसतात.

हिरवा तुतवार उडाला की पंखांची खालची बाजू काळपट दिसते आणि कमरेवरचा पांढरा भाग ठळक उठून दिसतो. ठिपकेदार तुतवाराचे पंख खालून फिकट असतात आणि पाय पिवळसर. सामान्य तुतवार शेपूट सतत वरखाली करतो आणि त्याच्या खांद्यापुढे पांढरी पाचर असते.

भोरडीचे पिल्लू गुलाबी नसते. ते मातकट आणि पिवळसर चोचीचे असते आणि प्रौढांनंतर येते. सप्टेंबर-ऑक्टोबरात मैनांच्या थव्यात 'वेगळीच मैना' दिसली तर आधी ही शक्यता तपासा.

वटवट्ये हा तर जाणकारांनाही दमवणारा प्रकार. तिथे 'वटवट्या, जात निश्चित नाही' असे लिहिण्यात कमीपणा नाही. चुकीच्या नावापेक्षा अपुरे नाव बरे. मर्लिनसारखे ॲप आवाजावरून नाव सुचवते, पण ते फक्त सुचवते. पक्षी डोळ्यांनी पाहून किंवा आवाज स्वतः ओळखून खात्री करा, मगच लिहा.

नोंद नेहमीपेक्षा वेगळी असेल, तर जाणकार प्रश्न विचारणारच. चोच कशी होती, पाय कोणत्या रंगाचे, शेजारी कोणता पक्षी होता, उजेड कुठून होता, हे प्रश्न अविश्वासातून येत नाहीत. ही माहिती फोटो पाहण्याआधी, जागेवरच वहीत उतरवा. आणि दुसऱ्याची ओळख चुकली असेल, तर ग्रुपवर चिमटा काढण्याऐवजी कारण सांगून दुरुस्त करा. 'ताई, भुवई पाहा, हा आपला बारमाही धोबी वाटतो' एवढे पुरते. नव्या माणसाची एकदा फजिती झाली की तो पुन्हा नोंद टाकत नाही.

ग्रुपवर टाकताना

निरोपाचा साचा साधा ठेवा. उदाहरणार्थ:

'६ सप्टेंबर, स. ७ ते ७.४५. गावतळे, ता. सिन्नर, जि. नाशिक. करडा धोबी २, सांडव्यावर चरत होते. मागील फेरी ३० ऑगस्ट, तेव्हा नव्हता. ओळख पक्की, फोटो सोबत.'

या एका निरोपात बहुतेक सगळे आले. 'आज सकाळी' असे लिहू नका. तो निरोप चार ग्रुप फिरून आठवड्याने परत आला की 'आज' कोणता, हे कुणालाच कळत नाही. दुसऱ्याचा फोटो पुढे पाठवताना त्याचे नाव, तारीख आणि जागा सोबत ठेवा, नाहीतर पाठवू नका. गेल्या वर्षीचा फोटो यंदाचा म्हणून फिरला की हंगामाचा हिशेबच चुकतो.

ग्रुपवरचा निरोप मात्र वाहून जातो. त्यामुळे तीच नोंद कायमस्वरूपी जागी जायला हवी. ई-बर्ड हे त्यासाठीचे सर्वांत रुळलेले व्यासपीठ, आणि बर्ड काउंट इंडिया हा गट भारतात त्याचा प्रसार करतो. तिथे फक्त खास पक्षी न टाकता ओळखलेल्या सगळ्या पक्ष्यांची पूर्ण यादी द्या, कावळा, साळुंकी आणि पारव्यासकट. पूर्ण यादीत एखाद्या पक्ष्याचे नाव नसेल तर तो तिथे दिसला नाही, असा अर्थ लावता येतो. अर्धवट यादीतून तो लावता येत नाही. आकड्याऐवजी 'एक्स' टाकण्याची सोय आहे, पण ती अगदीच नाइलाज असेल तेव्हा वापरा. जुन्या वह्यांतल्या नोंदीही तारखेनुसार भरता येतात. घरात वडिलांची किंवा आजोबांची पक्ष्यांची वही असेल, तर दिवाळीच्या सुटीत ती भरून टाका.

या नोंदींचे पुढे काय होते? 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स' हा २०२३ चा अहवाल ३०,००० हून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा आढावा घेतला आणि १७८ जातींना संवर्धनात अग्रक्रम द्यायला हवा असे ठरवले. लांबून येणारे स्थलांतरित पक्षी रहिवासी पक्ष्यांपेक्षा वेगाने घटताहेत, हेही त्यातूनच दिसले. यात मोठ्या शास्त्रज्ञांच्या नोंदींबरोबरच शिक्षक, बँक कर्मचारी आणि विद्यार्थ्यांच्याही नोंदी आहेत.

काय सांगू नये

सगळेच सगळ्यांना सांगायचे नसते. घुबडाची जागा कधीही जाहीर करू नका, दिवाळीच्या आधी तर मुळीच नाही. अघोरी पूजेसाठी घुबडांची मागणी याच काळात वाढते. सर्व घुबडांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, तरी पिंजऱ्यात गेलेले घुबड कायदा परत आणत नाही. हिवाळ्यात येणारे आखूड कानांचे घुबड दिवसा माळावरच्या गवतात बसते. एकाने जागा सांगितली की दहा कॅमेरे गवत तुडवत जातात आणि ते पुन्हा पुन्हा उठवले जाते. भोवत्यांच्या रात्रीच्या मुक्कामाच्या जागांचेही तेच.

अशा पक्ष्यांची नोंद करा, पण सांगताना तालुक्यापर्यंतच थांबा. नकाशावरची खूण आणि फोटोतले ओळखू येणारे झाड, देऊळ, विजेचा खांब टाळा. मोबाइलच्या फोटोत जागेची माहिती आपोआप साठते, ती आधी काढून टाका. जागा एखाद्याच्या शेतात असेल तर शेतकऱ्याला विचारल्याशिवाय कुणालाही पाठवू नका. ज्वारीत शिरलेली चार माणसे पुढच्या वर्षी सगळ्यांसाठीच तो बांध बंद करतात.

प्रत्यक्ष जागेवरही संयम हवा. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी थकलेला असतो आणि त्याला फक्त चरायचे व विसावायचे असते. उडतानाचा फोटो मिळावा म्हणून थवा उठवू नका. स्पीकरवर आवाज वाजवून पक्षी बाहेर काढू नका. कुरवांना शेव-गाठी टाकू नका, बोटवाल्याने पुडी पुढे केली तरी नको म्हणा. नावाड्यालाही आधीच सांगून ठेवा, की थव्याजवळ बोट नेण्याची गरज नाही.

कडी, पट्ट्या आणि आजारी पक्षी

पक्ष्याच्या पायात कडे, रंगीत पट्टी किंवा पट्टकादंबाच्या मानेत पट्टा दिसला, तर ती नोंद सर्वांत मोलाची. रंग, अक्षरे, आकडे, आणि खूण डाव्या पायावर आहे की उजव्या, ते लिहा. जमेल तेवढे फोटो काढा आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. १८८३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था भारतात पक्ष्यांना कडी घालण्याचे काम अनेक दशके करते आहे. मंगोलियात पट्टा घातलेला पट्टकादंब आपल्या धरणावर सापडला तो असाच, कुणीतरी अक्षरे वाचून कळवल्यामुळे. पट्टा वाचण्यासाठी पक्ष्याच्या मागे धावू नका. दुर्बिणीतून अर्धवट वाचलेला क्रमांकही 'अर्धवट' म्हणून कळवता येतो.

पाण्याकाठी पक्षी मेलेले किंवा लुळे पडलेले दिसले, तर हात लावू नका आणि कुत्र्यांना जवळ जाऊ देऊ नका. संख्या, जात आणि जागा टिपून वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवा. ही बातमी ग्रुपवर टाकण्याआधी तिथे गेली पाहिजे.

या मोसमात करायचे ते एवढेच

दर वर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. पाच तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, बारा तारीख सालिम अलींच्या. शाळा-महाविद्यालयांत तेव्हा व्याख्याने होतील, पोस्टर लागतील. तुम्ही तोपर्यंत आपला पाणवठा ठरवा आणि दर आठवड्याला तिथे जा. दिसले ते आणि दिसले नाही तेही लिहा. सप्ताहात एखादा शाळकरी मुलगा किंवा मुलगी सोबत घ्या, वही आणि पेन्सिल त्यांच्या हाती द्या आणि मोजायला शिकवा. मोठा कॅमेरा नसला तरी अडत नाही. साधी दुर्बीण, पंधरा रुपयांची वही आणि नेम, एवढ्यावर हे काम उभे राहते. पुढच्या फेरीची तारीख आजच ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.